माती, गादी आणि सत्तावन्न किलो

भारताला ऑलिम्पिक कुस्तीत आजवर आठ पदके मिळाली. खाशाबा जाधव, 1952, 57 किलो. सुशील कुमार, 2008 आणि 2012, 66 किलो. योगेश्वर दत्त, 2012, 60 किलो. साक्षी मलिक, 2016, 58 किलो. रवी दहिया आणि बजरंग पुनिया, टोकियो, 57 आणि 65 किलो. अमन सेहरावत, पॅरिस, 57 किलो. एकही पदक 66 किलोंच्या वर नाही.

आता दुसरी यादी आठवून पाहा. हिंद केसरी, महाराष्ट्र केसरी, रुस्तम-ए-हिंद. गावच्या तालमीत भिंतीवर लावलेले फोटो, चौकातले पुतळे, कुस्ती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उभा राहणारा देह. तो देह शंभर किलोंच्या आसपासचा असतो. मान बैलासारखी, मांड्या खांबासारख्या, आखाड्यात उतरला की हलगी आपोआप चढते. आपण ज्या देहाला मान देतो तो एक, आणि देशाला ऑलिम्पिक पदक मिळवून देणारा देह दुसरा. कुस्ती ही महाराष्ट्राची ओळख आहे असे आपण अभिमानाने सांगतो आणि ते खरेही आहे. पण या दोन देहांमधले अंतर मोजायचे टाळल्यामुळे खाशाबांनंतर महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला 72 वर्षे लागली, आणि 2024 मध्ये ते आणले राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेने, नेमबाजीत. कुस्तीतले दुसरे पदक अजून यायचे आहे.

राष्ट्राची ओळख खेळातून घडते, हे वाक्य आपण फार सैलपणे वापरतो. ती घडते मैदानाच्या मापातून, वजनकाट्यावरून, निकाल कशाला म्हणायचे या नियमातून आणि मोठे बक्षीस कुणाला द्यायचे या निर्णयातून. भावना मागाहून येते.

मातीतली कुस्ती आणि गादीवरची, म्हणजे ऑलिम्पिकमधली, कुस्ती हे एकाच खेळाचे दोन पृष्ठभाग आहेत असा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात हे दोन वेगळे खेळ आहेत. मातीत निकाल एकच: दोन्ही खांदे टेकले, आस्मान दिसले, कुस्ती झाली. त्यामुळे मातीतला पैलवान वेळ घेतो. खडाखडी करतो, मानेवर हात टाकून समोरच्याचा दम जोखतो. जांघियाला धरून डाव मारता येतो, म्हणून पंजाची पकड आणि मनगट यांना महत्त्व. पाय अनवाणी, अंगठ्याने माती धरायची. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, अडचणीत सापडलेला पैलवान पोटावर झोपू शकतो. छाती जमिनीला, कोपरे अंगाला चिकटलेली. वरच्याने त्याला उलटवायला घिस्सा मारावा, मोळी बांधावी, भारंदाज घालावा. खालचा उलटला नाही तर त्याचे काहीच जात नाही. तो दम धरून पुन्हा उठू शकतो.

गादीवर तोच पैलवान तसाच झोपला तर मिनिटाभरात हरतो. फ्रीस्टाइलमध्ये, म्हणजे पायांनाही पकड चालते त्या ऑलिम्पिक प्रकारात, समोरच्याला खाली घेऊन मागून ताबा मिळवला की 2 गुण. मग कमरेला मिठी घालून किंवा दोन्ही घोट्यांना पेच टाकून एकदा फिरवले, पाठ गादीकडे कलली, की आणखी 2. असे चार वेळा फिरवले की 8. एकूण 10, आणि दहा गुणांची आघाडी झाली की लढत तिथेच संपते. खांदे टेकलेले नसतात, पैलवान दमलेलाही नसतो, त्याला वाटते आपण अजून कुस्तीत आहोत. मातीतून थेट गादीवर आलेल्या पोरांच्या पराभवाचे सर्वांत नेहमीचे चित्र हेच. मातीने शिकवलेला सर्वांत सुरक्षित बचाव इथे सर्वांत महाग पडतो.

वेळेचा हिशेबही वेगळा. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. आक्रमण न करणाऱ्याला पंच ताकीद देतात, मग तीस सेकंदांचे घड्याळ लागते. त्या वेळात कुणीच गुण घेतला नाही तर समोरच्याला 1 गुण. म्हणजे खडाखडीला इथे दंड आहे. वर्तुळाचा व्यास 9 मीटर, कडेचा एक मीटर लाल पट्टा. पाय बाहेर पडला की 1 गुण गेला. मातीच्या हौदाला अशी रेघ नसते, त्यामुळे कडेवर उभे राहून पाय न हलवता समोरच्याला वळवणे हे कसब मातीत जन्मालाच येत नाही. ते वेगळे शिकवावे लागते, आणि आठ बाय आठ मीटरच्या अर्ध्या गादीवर ते शिकवता येत नाही.

हा पेच आजचा नाही. 10 सप्टेंबर 1910 रोजी लंडनमध्ये गामा पैलवान आणि पोलंडचा झ्बिश्को यांची लढत झाली. गामाने पहिल्याच मिनिटात त्याला खाली घेतले. त्यानंतर अडीच तासांहून अधिक काळ झ्बिश्को गादीला चिकटून राहिला, उठलाच नाही. गुण मोजायची पद्धत नव्हती, लढत बरोबरीत सुटली. आठवड्याने पुन्हा कुस्ती ठरली, झ्बिश्को आला नाही आणि विजेतेपदाचा पट्टा गामाला मिळाला. पारतंत्र्यातल्या हिंदुस्थानात या बातमीने काय झाले असेल याची कल्पना करता येते. साहेबाच्या राजधानीत आपला माणूस अजिंक्य ठरला होता. 1928 मध्ये पतियाळात दोघे पुन्हा भिडले तेव्हा गामाने मिनिटाच्या आत निकाल लावला. राष्ट्रभावनेला मोठ्या देहाचा नायक मिळाला तो असा. फाळणीनंतर गामा पाकिस्तानात राहिला आणि 1960 मध्ये लाहोरला वारला; आज दोन्ही देश त्याला आपला म्हणतात, आणि दोघांचेही खरे आहे. मात्र त्या काळापासून आपल्या मनात एक समीकरण पक्के बसले: पैलवान म्हणजे अजिंक्य, अजिंक्य म्हणजे खुल्या गटातला, खुल्या गटातला म्हणजे सर्वांत भारी.

आपल्याकडे या समीकरणाला संस्थानांचा आधार होता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1912 मध्ये खासबाग मैदान उभे केले. मधोमध हौद, भोवती चढत गेलेली बैठक, कुठूनही बसा, कुस्ती दिसते. कोल्हापूरच्या तालमी ही निव्वळ व्यायामाची ठिकाणे कधीच नव्हती. त्याच तालमीत गणपती बसतो आणि मोहरमला पंजेही बसतात. वस्तादाच्या हाताखाली जात विचारली जात नाही, माती सगळ्यांच्या अंगाला सारखीच लागते, ही शिकवण शाहू महाराजांच्या धोरणाचाच भाग होती. समाज घडवण्याचे हे काम मातीने केले आहे आणि त्याचे मोल पदकांत मोजता येणार नाही. म्हणून मातीची कुस्ती कालबाह्य झाली, बंद करा, असे म्हणणाऱ्यांशी माझे कधीच जमणार नाही.

त्यांना आणखी एक गोष्ट दिसत नाही. जत्रेचे कुस्ती मैदान ही देशातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खोल पोहोचलेली निवडव्यवस्था आहे. गाव वर्गणी काढते. दुपारी लहान पोरांच्या कुस्त्या सुरू होतात, नारळावर, रेवडीवर, मग शंभर-दोनशे रुपयांवर. पंचकमिटीतली जाणती माणसे नुसत्या नजरेने जोड लावतात. निवेदक माईकवरून पोराचे नाव, गाव, वस्तादाचे नाव पुकारतो. दहा वर्षांचे पोर चार हजार लोकांपुढे एकटे उभे राहायला शिकते. कुठल्याही क्रीडा खात्याला हे पैसे देऊन उभारता येणार नाही. त्यात दोषही आहेत. जोड लावताना ओळखीपाळखी चालतात, मोठ्या इनामाच्या कुस्त्यांत नुरा, म्हणजे आधीच ठरवलेली कुस्ती, होते, अर्धा-पाऊण तास ढकलाढकली करून कुस्ती बरोबरीत सोडवली जाते आणि लोक चिडतात. पण लहान पोरांच्या कुस्त्यांत नुरा नसते. तिथे जे दिसते ते अस्सल असते.

अडचण यापुढे सुरू होते. पंधरा-सोळा वर्षांचे, 55 किलोंचे, चपळ पोर तालमीत येते. एकेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून पाडायचा डाव, विजेसारखा काढते. त्याला पुढे काय दिसते? महाराष्ट्र केसरीची गदा. 1961 पासून चालत आलेली, राज्यातल्या कुठल्याही खेळातली सर्वांत मोठी प्रतिष्ठा. माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता यांच्यात किताबाची लढत. पण केसरी गट आहे 86 ते 125 किलोंचा. त्याच स्पर्धेत 57, 61, 65 किलोंचेही गट असतात, त्यांचीही पदके दिली जातात, मात्र त्या विजेत्यांची नावे दुसऱ्या दिवशी तालुक्याबाहेर कुणाला सांगता येत नाहीत. चारचाकी, गदा, मिरवणूक, सत्कार, नोकरीची आश्वासने सगळी एका गटाकडे. जत्रेतही शेवटची, सर्वांत मोठ्या इनामाची कुस्ती भारी वजनाचीच.

मग ते पोर, त्याचा बाप आणि वस्ताद तिघेही एकाच दिशेने विचार करतात: अंग वाढवा. दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण. खुराकाचा महिन्याचा खर्च घराच्या शेतीउत्पन्नाला गिळू लागतो. नैसर्गिक 60 किलोंचा मुलगा पाच-सहा वर्षांत 90 किलोंचा होतो. उंची तेवढीच राहते, गुडघ्यांवरचा भार दीडपट होतो, पटाचा वेग जातो. केसरी गटात तो सहा फुटी, जन्मजात 110 किलोंच्या पैलवानापुढे बुटका पडतो. आणि 57 किंवा 65 मध्ये परतायची वाट बंद झालेली असते. आपली पदके ज्या गटांत आली आहेत त्याच गटांतले मुलगे आपण दरवर्षी खाऊ घालून बाहेर ढकलतो.

हे बदलता येते का, याचे उत्तर खाशाबांच्याच गटात आहे. हेलसिंकीला 1952 मध्ये बँटमवेट गटाचे सुवर्ण जपानच्या शोहाची इशी याने जिंकले. रौप्य सोव्हिएत संघाच्या ममदबेयोव्हला, कांस्य खाशाबांना. इशीबरोबरच्या दमछाक करणाऱ्या लढतीनंतर लगेच खाशाबांना पुढच्या लढतीसाठी बोलावले गेले. दोन लढतींमध्ये मिळायला हवी ती विश्रांती मागायला भारतीय पथकातले कुणी तिथे नव्हते, असे सांगितले जाते. त्या प्रवासाचे पैसेही लोकांनी उभे केले होते. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी स्वतःचे घर गहाण ठेवून 7,000 रुपये दिले.

पुढच्या बारा वर्षांत दोन देशांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. इशीचे ते सुवर्ण हेलसिंकीतले जपानचे एकमेव सुवर्ण होते. जपानचा खरा अभिमानाचा खेळ सुमो. त्यात वजनगट नाहीत, भव्य देहाची पूजा आहे, मातीचे वर्तुळ आहे, धार्मिक विधी आहेत. पण सुमोतून ऑलिम्पिक पदक येईल अशी अपेक्षा जपानने धरली नाही. सुमो आपल्या जागी, आपल्या नियमांनी, आपल्या प्रेक्षकांसह चालू राहिला. गादीवरच्या कुस्तीसाठी त्यांनी हलक्या वजनाची माणसे निवडली आणि त्यांच्यावर विद्यापीठांतून काम केले. 1964 च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये जपानने कुस्तीत पाच सुवर्णे जिंकली. पाचही फ्लाय, बँटम आणि फेदर या तीन सर्वांत हलक्या गटांत.

आपल्याकडे कऱ्हाडला खाशाबांची शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. गावाने आपले कर्तव्य केले. नव्या प्रजासत्ताकाने मात्र त्या पदकाला आपल्या कथेत जागा दिली नाही. त्याच ऑलिम्पिकमध्ये हॉकीचे सुवर्ण आले होते आणि राष्ट्राची खेळातली ओळख म्हणजे हॉकी हे ठरून गेले होते. 57 किलोंचा गोळेश्वरचा मुलगा त्या चौकटीत बसत नव्हता आणि मातीच्या चौकटीतही, कारण तिथे महाबली हवा होता. ते पुढे मुंबई पोलिसांत फौजदार झाले, 1984 मध्ये अपघातात गेले. हयातीत पद्म सन्मान नाही, अर्जुन पुरस्कारही मरणोत्तर. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतल्या कुस्ती सभागृहाला त्यांचे नाव दिले गेले. माझ्या दृष्टीने सन्मान उशिरा मिळाला हे दुःख आहेच, पण त्याहून मोठे नुकसान हे की त्या पदकातून कुणी तांत्रिक धडा घेतला नाही. हलक्या वजनात आपण जगात तिसरे आहोत, हा धडा समोर होता. तो हरियाणाने अर्ध्या शतकानंतर घेतला: आखाड्यात गादी टाकली, हलक्या गटातल्या पोरांना तिथेच ठेवले, पोलीस आणि रेल्वेच्या नोकऱ्या पदकाशी जोडल्या आणि मुलींना उतरवले.

म्हणून माझी पहिली मागणी बक्षिसांबद्दल आहे. महाराष्ट्र केसरीच्या व्यासपीठावर 57 आणि 65 किलोंच्या गादी विभागातल्या विजेत्याला खाशाबांच्या नावाची गदा द्या, आणि केसरी गटाइतकेच रोख बक्षीस. अंतिम लढती त्याच संध्याकाळी, त्याच मैदानावर, त्याच प्रेक्षकांपुढे लावा. खुल्या गटाचा मान त्यामुळे कणभरही कमी होत नाही. पण पोराच्या बापाला मुलाचे वजन न वाढवण्याचे एक कारण मिळते. खुराकावरची लाखभर भाषणे करून जे होणार नाही ते याने होईल.

दुसरी मागणी गाद्यांची, आणि इथे तपशील सांभाळावे लागतात. निधीतून गादी येते, पण पूर्ण गादी 12 बाय 12 मीटरची असते आणि जुन्या तालमीची खोली तिच्या निम्म्याचीही नसते. परिणामी तुकडे भिंतीला उभे करून ठेवले जातात, दमट हवेत आतला फोम फुगतो, वरचे कापड जोडांवर फाटते आणि पैलवानाचा पाय त्या फटीत अडकून घोटा मुरगळतो. गादीवर रोज दोनदा जंतुनाशक पुसावे लागते; नाही पुसले तर गजकर्ण आठवड्यात अख्ख्या तालमीला होते. मातीत हे प्रमाण कमी असते, हळद, ताक, लिंबू, तेल घालून माती मळण्यामागे आपल्या लोकांचा अनुभव आहे. तेव्हा गादी देण्याआधी पत्र्याची का होईना, खेळत्या हवेची, चौदा मीटर लांबी-रुंदीची शेड द्या. प्रत्येक तालमीला स्वतंत्र गादी हवीच असे नाही. चार-पाच तालमींना मिळून एक शेड, आठवड्यातून वार ठरवून दिलेले, हे परवडणारे आणि टिकणारे आहे.

कधी माती आणि कधी गादी, हा प्रश्न वस्तादांना सर्वांत जास्त सतावतो. बारा-तेरा वर्षांपर्यंत माती उत्तम. पडायला शिकवते, मान आणि मनगट घडवते, दम वाढवते. त्यानंतर आठवड्यातले चार दिवस गादी हवी, बूट घालून, कारण बुटाने पायाची ठेवण बदलते आणि ती उशिरा बदलली तर पटात शिरताना पाऊल अर्धा क्षण मागे राहते. पहिल्या सहा महिन्यांत नवे डाव शिकवायची घाई करू नये. दोनच गोष्टी घोटाव्यात: पोटावर पडल्याक्षणी हात-गुडघ्यांवर उठून सुटणे, आणि लाल पट्ट्यावर उभे राहून आत वळणे. ढाक आणि कलाजंग हे मातीतले डाव विसरायची गरज नाही. उभ्यातून थेट पाठीवर टाकणाऱ्या डावाला गादीवर 4 गुण आहेत, आणि फेक मोठी असेल तर 5. आपले जुने डाव तिथे भरपूर किमतीचे आहेत. बुडवतो तो आपला जुना बचाव.

वजनाच्या बाबतीत मात्र नुसती मेहनत पुरत नाही. 2018 पासून एका गटाची स्पर्धा दोन दिवस चालते आणि दोन्ही सकाळी वजन होते. पॅरिसमध्ये विनेश फोगाट पहिल्या दिवशी तीन लढती जिंकून अंतिम फेरीत गेली आणि दुसऱ्या सकाळी 50 किलोंच्या काट्यावर 100 ग्रॅम जास्त भरली. सगळे गेले. दोनच दिवसांनी अमनने एका रात्रीत चार किलोंहून अधिक वजन उतरवून कांस्य जिंकले. दोन्ही घटना एकच गोष्ट सांगतात: लढतींनंतर शरीर किती पाणी धरते, किती तासांत किती सोडते, याची नोंद प्रत्येक पैलवानाची वेगळी असावी लागते आणि ती वर्षभर ठेवावी लागते. हे काम वस्तादाचे नाही. जिल्ह्याला एक आहारतज्ज्ञ आणि एक फिजिओथेरपिस्ट, एवढी किमान व्यवस्था राज्याने करायला हवी.

मुलींबद्दल वेगळा परिच्छेद लिहावा लागतो हेच खटकते. महिला कुस्ती 2004 पासून ऑलिम्पिकमध्ये आहे. महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सुरू झाली 2023 मध्ये, सांगलीत. प्रतीक्षा बागडी पहिली मानकरी ठरली. बहुतेक जुन्या तालमींत मुलींना आजही प्रवेश नाही आणि परंपरेचे कारण दिले जाते. ज्या तालमींनी शंभर वर्षांपूर्वी जातीची रेघ पुसली त्यांनी ही रेघ जपावी, हे शाहू महाराजांच्या वारशाशी सुसंगत नाही. गादीची शेड नवी असेल, तिला परंपरा नसेल, तर तिथे पहिल्या दिवसापासून मुलींचे वार, स्त्री प्रशिक्षक आणि कपडे बदलायची खोली, या अटींवरच निधी द्यावा.

यावर मातीच्या अभिमान्यांचा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो हलका नाही. गादी आली की पोरे मातीकडे पाठ फिरवतील, जत्रेची मैदाने ओस पडतील, हलगी थांबेल. हरियाणात काही ठिकाणी तसे झालेही असेल. पण मातीला सध्या धोका गादीपासून नाही. जत्रेतल्या मातीच्या कुस्तीचे लिखित, राज्यभर एकच असलेले नियम नाहीत. वेळेची मर्यादा मैदानागणिक बदलते. बरोबरी केव्हा द्यायची हे पंचांच्या मर्जीवर. नुरा सिद्ध झाली तर शिक्षा काय, याला उत्तर नाही. सुमो टिकला तो वर्षातल्या ठरलेल्या सहा स्पर्धा, मोजून 4.55 मीटर व्यासाचे वर्तुळ आणि प्रत्येक मल्लाची जाहीर श्रेणी यांवर. मातीच्या कुस्तीला तेवढीच शिस्त लावा. जत्रांचे वार्षिक वेळापत्रक छापा, निकालांची नोंदवही ठेवा, खुल्या गटाची श्रेणी जाहीर करा, वीस मिनिटांत निकाल न लागल्यास दोघांचेही निम्मे इनाम कापून लहान गटांच्या बक्षिसांत टाका. मोठ्या देहाच्या निकाली कुस्तीला स्वतःचे घर मिळाले की तिला ऑलिम्पिकचे ओझे वाहावे लागणार नाही, आणि 57 किलोंच्या पोराला केसरी होण्यासाठी तीस किलो चढवावे लागणार नाहीत.